ताटाखालचा ठिपका

"ते होय? ते तुझ्या आत्याचं खूळ," असं मी म्हणालो, आणि वर हसलो. नुसतं म्हणालो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण हसलो, आणि ते हसू आमच्या रिकाम्या स्वयंपाकघरात नको तेवढं मोठं ऐकू आलं. फडताळं उघडी होती, मांडण्या मोकळ्या होत्या, भिंतींवर डब्यांच्या पाठीचे गोल डाग तेवढे उरले होते. अशा खोलीत खोटं बोलू नये. ते सामानात लपत नाही, जिथल्या तिथे उभं राहतं.

रविवारची सकाळ होती. घरातली झाडून सगळी भांडी जमिनीवर उतरली होती आणि त्यांच्या मधोमध माझी चौदा वर्षांची मुलगी मांडी घालून बसली होती. तिला मी फौजदार म्हणतो. हुकूम सोडायची हौस तिला बोलायला लागल्यापासून आहे. महिनाभर ती हात धुऊन पाठीमागे लागली होती की या स्वयंपाकघरात माणसाला वळायला जागा नाही, सगळं काढा, मी लावून देते. तिचे नियम दोनच. सारखं सारख्याजवळ ठेवायचं, आणि ज्या वस्तूचं कारण सांगता येणार नाही तिने घराबाहेर पडायचं. दाराशी तीन खोकी मांडली होती. एकावर 'राहणार', एकावर 'जाणार' आणि तिसऱ्यावर 'बघू' लिहिलं होतं. 'बघू' सगळ्यात आधी भरलं, कारण स्टुलावर चढून मांडण्या पुसणाऱ्या तिच्या आईला एकाही वस्तूबद्दल ठाम काही म्हणवत नव्हतं. बिनझाकणाची पातेली निघाली, बिनपातेल्यांची झाकणं निघाली, तीन किसण्या निघाल्या आणि तिन्ही बोथट. एका डब्यात नुसत्या रबराच्या रिंगा निघाल्या, कुठल्या बाटल्यांच्या ते कोणालाच आठवेना. आम्ही हसत होतो. मी तर चांगलाच रंगात आलो होतो. आठवडाभर कचेरीत वाकून बसणाऱ्या माणसाला घरात असा पसारा पडलेला बघून उगाच सुट्टी लागल्यासारखं वाटतं. तेवढ्यात मुलीने इनॅमलची ताटं मोजली. निळ्या काठाची, पांढरी. पाच. मग ती उठली, मोरीजवळच्या खिडकीच्या कट्ट्यावरून सहावं ताट उचललं, आणि त्याच्यासोबतची वाटी, कप आणि चमचाही. "बाबा, हे तर सेटमधलंच आहे," ती म्हणाली. "मग हे एकटंच खिडकीत का असतं? आत्याचं ताट म्हणजे काय? सारखं सारख्याजवळ." आणि तिने ताट उलटं केलं. तळाशी बोराएवढा लाल ठिपका होता. "आणि हे काय? कारण सांगा."

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

ताई ओट्यापाशी उभी राहून मांडण्यांवर घालायचे कागद कापत होती. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, साठी ओलांडलेली माझी बहीण. आयुष्यभर कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसून लोकांच्या विजारी आखूड केल्या, कॉलर उलटवल्या; कात्री तिच्या हातात असली की कागदसुद्धा आज्ञेत असल्यासारखा सरळ कापला जातो. तिची कात्री थांबली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, पण डोळ्यांच्या कडेने दिसलंच. तिचा चेहरा लाल होत होता, गळ्यापासून वर, हळूहळू. चोरी माझी आणि लाज तिला. "खूळच की," ती म्हणाली. "म्हातारपणी माणसाला कशाकशाची सवय लागते. दे इकडे." तिने मुलीच्या हातातून ताट घेतलं, वाटी घेतली, कप, चमचा, आणि चारही वस्तू 'जाणार'च्या खोक्यात ठेवल्या. टाकल्या नाहीत. एकात एक बसवून, आवाज न करता ठेवल्या. स्टुलावरून माझी बायको एवढंच म्हणाली, "खूळ?" तिच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं आणि ती माझ्याकडे बघत होती.

त्या ठिपक्याची गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची आहे. मुलगी तेव्हा सहा-सात महिन्यांची असेल. ताईचा खोकला जाईना, अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले, तिचं तीच ते टाचून घ्यायला लागली, आणि तपासणीत टीबी निघाला. औषध मिळालं, सहा महिन्यांचं. पण पहिल्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात गाठून मला सांगितलं, घरात तान्हं पोर आहे, निदान भांडी तरी वेगळी करा. डॉक्टरांना विचारायचं मला सुचलं नाही. म्हणजे सुचलं असेल, पण विचारून 'गरज नाही' असं उत्तर आलं असतं तर माझी भीती मी कुठे ठेवली असती? मी बायकोची नेलपेंटची बाटली घेतली आणि सहाच्या सेटमधल्या एका ताटाला, एका वाटीला, एका कपाला आणि एका चमच्याला तळाशी ठिपका दिला. ताई शेजारीच बसली होती. फुंकर घालून तिनेच ते वाळवले. "बरं केलंस, धाकट्या," ती म्हणाली, "मीच सांगणार होते." मला हायसं वाटलं. समोरच्या माणसाने आपलं काम सोपं केलं की ते काम बरोबरच होतं असं वाटायला लागतं.

सहा महिन्यांनी शेवटच्या तपासणीला मी तिच्याबरोबर गेलो होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, टेबलावर त्यांनी काचेच्या पेल्यात एक रोपटं लावलं होतं, त्याची पांढरी मुळं पाण्यात दिसायची. ती मुळं मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतात, कारण त्या बोलत असताना मी तिकडेच बघत होतो. ताईला तपासून झालं होतं, ती पडद्यामागे कपडे नीट करत होती. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, औषध पूर्ण झालं, छातीचा फोटो स्वच्छ आहे, बाळाला त्यांच्याकडे खुशाल द्या. आणि मग, फाईल बंद करता करता, "भांडीबिंडी वेगळी ठेवत नाही ना तुम्ही? ठेवत असाल तर आता पुरे. खरं तर पहिल्यापासूनच गरज नव्हती, भांड्यांतून हा आजार पसरत नाही." मी म्हणालो, "छे छे." ते माझं पहिलं खोटं. पहिल्यापासूनच गरज नव्हती, या शब्दांनी माझा घात केला. औषध संपलं म्हणून भांडी एकत्र केली असती तर सोपं होतं, सगळ्यांनी मिळून चहा प्यायला असता. पण सहा महिने एक बाई आपलं ताट आपण घासून खिडकीत पालथं घालते, आणि ते सगळं फुकट होतं, हे तिला घरी जाऊन कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हटलं, अजून एक महिना जाऊ दे. बाळ थोडं मोठं होऊ दे, मग आपोआप होईल. बायकोने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हणालो, बरी आहे, पण काळजी घ्या म्हणाल्या. पुढचं वेगळं काही बोलावंच लागलं नाही. महिना गेला, वर्ष गेलं, बाळ शाळेत जायला लागलं, आणि घरात अळीमिळी गुपचिळी. खोटं रोज बोलावं लागलं असतं तर मी कधीतरी थकलो असतो. हे एकदाच बोललेलं खोटं होतं, पुढचं ते स्वतःचं स्वतः चालत राहिलं.

आणि मी काम काय करतो, तर शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्या तपासतो. पाणी बिघडलं की 'उकळून प्या' अशी सूचना निघते, ती माझ्या सहीने. एकदा एका वस्तीत गेलो होतो तर तिथल्या बायका नऊ वर्षं पाणी उकळत होत्या. पाणी नऊ वर्षांपूर्वीच सुधारलं होतं. पहिली सूचना घरोघर पोचली होती, मागे घेतल्याची कोणी वाटलीच नव्हती. मी कचेरीत येऊन केवढा तावातावाने बोललो. नऊ वर्षांचं इंधन, नऊ वर्षांची ती भीती, कोण भरून देणार? माझ्याच सांगण्यावरून नियम झाला की प्रत्येक सूचनेच्या खाली तिची शेवटची तारीख छापायची. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, मी मान खाली घालून ते घेतलं, आणि संध्याकाळी घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा ताई रोजच्यासारखी खिडकीपाशी उभी राहून जेवत होती. मला काही आठवलं नाही. लोक म्हणतात मनाला टोचणी लागते. माझ्या मनाला लागली नव्हती, हे मी आज कबूल करतो, आणि टोचणीपेक्षा मला त्याचीच लाज जास्त वाटते.

हे सगळं मला त्या ओट्यापाशी उभं असताना आठवत होतं असं नाही. तिथे मला फक्त इतकंच कळत होतं की विषय बदलायला हवा. मुलीनेच तो बदलला. तिने चमच्यांचा खण ओढून जमिनीवर पालथा केला आणि त्या खणखणाटातून एक छोटी बाटली घरंगळत आली. "आत्या!" ती ओरडली. "नेलपेंट? तू? आणि तेही लाल? कोणासाठी गं?" ताईच्या नखांना जन्मात कधी रंग लागलेला नाही. ताई हसली. "मेले, दोऱ्याच्या गाठीला लावते मी ते. गाठ सुटत नाही मग. दुकानातली युक्ती आहे," ती म्हणाली, आणि बाटली उचलून पदराआड करावी तशी मुठीत धरली. मुलीला ते पटलं. मला पटायचं कारण नव्हतं. बायकोची ती बाटली केव्हाच वाळून फेकली गेली होती. ही बाटली नवी होती, अर्धी वापरलेली. तेरा वर्षं रोज घासलं जाणारं ताट, आणि त्याच्या तळाचा ठिपका कालच दिल्यासारखा लाल. तो कोण देत होतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. "हे खोकं मी देऊन येतो खाली," मी म्हणालो आणि 'जाणार' उचललं. ते अजून अर्धंही भरलं नव्हतं.

जिन्याच्या वळणावर बायकोने गाठलंच. तिच्या हातात अजून तेच फडकं होतं. "खूळ कोणाचं?" तिने हळू आवाजात विचारलं. "तुम्ही म्हणाला होतात, डॉक्टर म्हणाल्या म्हणून." मी म्हणालो, मग बोलू. ती म्हणाली, "मग म्हणजे कधी?" खोकं जड नव्हतं, पण मी ते या हातातून त्या हातात घेतल्यासारखं केलं, ओझ्याने बोलता येत नाही असं दाखवायला. वेळ मारून नेण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

कोपऱ्यावर जुन्या वस्तूंचं दुकान आहे. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून तो शोधत असतो अशातला माणूस. त्याने किसण्या बाजूला केल्या, झाकणं वाजवून बघितली, मग ताट हातात घेतलं आणि उलटं केलं. जुन्या भांड्यांचा धंदा करणारे लोक भांडं आधी उलटंच करतात, हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं. "ही खूण कसली?" त्याने विचारलं. मी म्हणालो, काही नाही, असंच. त्याने वाटी उलटी केली, कप उलटा केला. "चारहीवर आहे की. इस्पितळातलं का?" मी म्हणालो, नाही हो, घरातलंच आहे. "घरात खूण कशाला करतं कोणी?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं, आणि ते जास्त वाईट. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचं त्यालाच कळलं. "कोणाचं तरी वेगळं ठेवलेलं दिसतंय. नको साहेब, राग मानू नका. गिऱ्हाईक उलटं करून बघतं, दहा प्रश्न विचारतं. बाकीचं ठेवा, हे घेऊन जा." शेजारी एक बाई काचेच्या बरण्या बघत होती, तिनेही मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं आणि किंचित बाजूला सरकली. पाऊलभरच सरकली असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार भांडी छातीशी धरून मी रस्त्यावर आलो. रविवार असल्यामुळे लोक निवांत होते, कोणी कुत्रं फिरवत होतं, कोणी पाव घेऊन घरी चाललं होतं, आणि मला वाटत होतं की हे सगळे मला ओळखतात. एका पाऊलभर जागेत मला जे झालं ते तिने तेरा वर्षं, दिवसातून तीनदा सोसलं.

येताना मी मुद्दाम लांबून आलो. बागेच्या कठड्याशी थांबलो. कांजिण्यांचं आठवलं. मी नऊ वर्षांचा होतो, आई जाऊन वर्ष झालं होतं, वडील कामानिमित्त गावोगाव. मला कांजिण्या आल्या आणि मी हट्ट धरला की एकटा जेवणार नाही. ताई अठराची होती, तिला त्या आलेल्या नव्हत्या. ती माझ्या अंथरुणावर चढून बसली आणि माझ्याच ताटात जेवली. एक घास तुला, एक मला. आठवड्याने तिचं अंग फुलून आलं, कपाळावर दोन खड्डे कायमचे राहिले; त्यांवरून मी तिला चिडवायचो. ही आठवण माझ्याजवळ होती. मी ती लोकांना सांगतही असे, माझी बहीण किती मायाळू आहे म्हणून. माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी राहू शकतात आणि एकमेकींना ओळख दाखवत नाहीत.

आणि दुसरी आठवण, जी मी कधीच कोणाला सांगितलेली नाही. मुलगी दोन वर्षांची होती. मी दुपारी लवकर घरी आलो. ताई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, आणि मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती, तोंड ताईच्या पोटात खुपसून. ताई हलत नव्हती, माशी बसली तरी हात उचलत नव्हती. मी बूटसुद्धा न काढता पुढे गेलो आणि मुलीला उचलून घेतलं. शब्द बोललो नाही. म्हटलं असतं, की आत झोपवतो, नीट झोपेल, तर निदान बहाणा तरी झाला असता. ताईची मांडी तशीच राहिली, मुलीच्या आकाराची. त्यानंतर तिने तिला कधी जवळ घेतलेलं मी पाहिलं नाही. शिवण शिकवली ती टेबलाच्या पलीकडे बसून. लाडाने चापट मारायची तर मोजपट्टीने. मुलीला वाटतं आत्याचा स्वभावच असा, कोरडा. मागे एकदा ती मला म्हणाली होती, "आत्याला मी फारशी आवडत नाही ना?" मी म्हणालो होतो, "अगं तसं नाही, ती तशीच आहे."

घरी आलो तेव्हा स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत होते, मुलगी कानांत गाणी लावून मांडण्या लावत होती. ताई गॅलरीत खुर्चीवर बसून उरलेल्या कागदांच्या घड्या घालत होती. मी भांडी कठड्यावर ठेवली. "घेतली नाहीत का त्याने?" तिने विचारलं. मी म्हणालो, नाही. "ठिपका बघितला असेल," ती म्हणाली, "थिनर लावलं असतं तर निघाला असता. मला सांगायचं नाही का." तिच्या आवाजात अजून ओशाळेपण होतं. मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "ताई, ते खूळ तुझं नव्हतं." ती घडी घालत राहिली. मी म्हणालो, "डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी. गरज नाही म्हणाल्या होत्या. पहिल्यापासूनच नव्हती म्हणाल्या. मी तुला सांगितलं नाही." इतकं बोलायला मला तेरा वर्षं लागली आणि बोलून झालं तेव्हा दहा सेकंदही झाले नव्हते.

"पडद्यामागे होते मी," ताई म्हणाली. "गळ्याचं बटण लावत होते. कान काही बंद नव्हते माझे."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ती म्हणाली, "बसमध्ये म्हटलं, आता सांगशील. मग म्हटलं, घरी गेल्यावर सगळ्यांदेखत सांगायचं असेल तुला. मी दोन दिवस वाट बघितली. मग आठवडा बघितली." मी म्हणालो, "अगं मग विचारायचंस ना! बोलायचंस!" बघा, मी तिच्यावरच ओरडत होतो. तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "काय विचारायचं, धाकट्या? माझं ताट तुमच्यात घ्या म्हणून? डॉक्टर म्हणाल्या, मी बरी झाले. पण घर डॉक्टरांचं नव्हतं, तुझं होतं. तू म्हणेपर्यंत मी बरी होऊन काय उपयोग?" मी नेलपेंटचं विचारलं. "ठिपका पुसट झाला की तू ताटं उलटसुलट करून बघायचास," ती म्हणाली. "जेवायला बसायच्या आधी, हळूच, कोणाला दिसू नये असं. तुझी ती तारांबळ बघवायची नाही मला. एवढंसं काम, म्हटलं आपणच करावं." मी असं करायचो हे मला आठवत नव्हतं. ती सांगत असताना माझ्या बोटांना आठवलं, ताट उचलताना तळाखाली सरकणारी बोटं.

बायको दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिला सगळं ऐकू गेलं होतं, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. "मी एकदा ते ताट आपल्या घासणीने घासलं म्हणून तुम्ही मला बोलला होतात," ती मला म्हणाली. "पोरीच्या जिवावर उठलीस का, असं म्हणाला होतात. मी त्यांच्यासमोर ऐकून घेतलं." मग ती ताईच्या खुर्चीजवळ गेली, वाकली, आणि मांडीवरच्या कागदांतले अर्धे उचलून तिच्याबरोबर घड्या घालायला लागली. मी कठड्याला टेकून उभा होतो. कोणी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "ताई, चुकलं माझं." ती म्हणाली, "हं." मग हातातली घडी पुरी करून, "झालं ते झालं. आता पोरीला काही सांगत बसू नकोस. तिला वाईट वाटेल." आणि मला, काय सांगू, सुटल्यासारखं वाटलं. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं. माफी मागितली, मिळाल्यासारखी झाली, उद्यापासून सगळं नीट. माझ्यासारख्याला बरं वाटायला फार काही लागत नाही.

"चला!" आतून हुकूम सुटला. "चहा! उद्घाटन!" आम्ही तिघं आत गेलो. स्वयंपाकघर खरंच मोठं झालं होतं. मांडण्यांवर कागद, कागदांवर ओळीने डबे, ताटं एकावर एक, खिडकीचा कट्टा मोकळा आणि त्याच्यावरून ऊन थेट जमिनीवर आलेलं. मुलीने टेबलावर चार कप मांडले होते, चारही सारखे. ताई सवयीने खिडकीकडे वळली, तर मुलीने तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "तिथे आता उभं राहायचं नाही, तिथे मी कुंडी ठेवणार आहे. तुझा तो जुना कप गेला आता. हा घे." ताई बसली. कप तिने दोन्ही हातांनी धरला, जरा फिरवून बघितला, उलटा मात्र केला नाही, आणि दोन घोट घेतले. बायको तिच्याकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं करत होती. मी मनात म्हणत होतो, झालं. इतकं सोपं होतं. तेरा वर्षांपूर्वी असाच एक रविवार काढला असता तर. मला भरून आलं होतं, आणि भरून आल्याचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

"साखर बरोबर झाली का गं आत्या?" मुलीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, पोरं करतात तसं, ताईच्या हातातला कप ओढून तोंडाला लावायला उचलला.

"थांब!"

ते मी म्हणालो. म्हणजे मी काही म्हणायचं ठरवलं नव्हतं. पोर रस्त्यात धावलं की बापाच्या तोंडून जसं निघतं तसं ते निघालं, आणि माझा हात टेबलावरून तिच्या मनगटापर्यंत जाऊन पोचलाही होता. कप हवेत थांबला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "काय झालं?" बायकोने डोळे मिटून घेतले. मला तोंड मिटता येईना. सगळं माहीत होतं मला, डॉक्टरीणबाईंचं वाक्य माहीत होतं, अर्ध्या तासापूर्वी मी ते स्वतःच्या तोंडाने बोललो होतो, आणि माझा हात मुलीच्या मनगटावर तसाच घट्ट होता.

"गरम आहे," मी म्हणालो.

ताईने हात लांब करून कपाला बाहेरून बोटं लावली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

"नाही गं," ती मुलीला म्हणाली. "निवलाय कधीचाच. पी तू."